प्रकरण सहावे : मर्यादा

प्रश्नावलीचे एकशे बारा कागद
अजून तिखट आहेत.
विद्यापीठाच्या वाचनालयात पिशवी उघडली
की पलीकडच्या टेबलावर कुणीतरी शिंकतं.

नंदुरबारच्या पथारीवर माझे दोन हिवाळे गेले.
नजर पोचेल तिथवर वाळत घातलेली मिरची,
कडेला देठ खुडणाऱ्या बाया,
आणि तोंडाला ओढणी बांधून, मांडीवर पुठ्ठा घेऊन मी.
विषय : असंघटित स्त्री-कामगारांच्या भिशीतील
विश्वास आणि पतव्यवहार.

विश्वास एक ते पाचच्या पट्टीवर मोजायचा होता.
सायजाबाईनं विचारलं, पाचना वर काही नही का?
नाही म्हटलं.
मंग पाचच लिख.

पंधरवड्याला तीनशे, एकवीस जणी.
सहभागी निरीक्षणासाठी बाविसावी मी.
तुपाच्या जुन्या डब्यात चौकटीच्या वहीच्या चिठ्ठ्या,
रुमाबाईची नात डोळे गच्च मिटून हात घालायची.
'यादृच्छिक' हा शब्द मी त्यांना तीनदा समजावला.
तिन्ही वेळा त्या माना डोलावून
पुन्हा मिरचीकडे वळल्या.

निष्कर्ष देखणा निघाला :
गरज आणि क्रम यांत संबंध आढळत नाही.
विश्वासार्हता गुणांक पॉइंट एक्क्याऐंशी.
निकुंभ सर म्हणाले, संबंध नसणं हाही शोधच असतो.
निबंध स्वीकारल्याचा मेल आला त्या रात्री
शिरपुरात आईनं पेढे वाटले, विषय न विचारता.

मग माघातला तो वारा.
वंतीचं नाव निघालं होतं.
पाकीट कमरेला खोचून ती गेलीही होती,
आणि डबा कलंडला.
उरलेल्या आठ चिठ्ठ्या मिरचीवर पांगल्या,
मी धावत वेचल्या, घडी घालता घालता
एक उघडली गेली.

वंती.
दुसरी : वंती.
तिसरीत 'वनती', घाईत लिहिलेलं.
आठही.

तिच्या पोरीच्या नर्सिंगचे पैसे शनिवारपर्यंत भरायचे होते,
हे मला नंतर कळलं.
माझ्या फॉर्मवर प्रश्न बावीस :
'नजीकच्या काळात अपेक्षित मोठा खर्च.'
वंतीनं तो कोरा सोडलेला.
कोऱ्या जागी मी शून्य भरलं होतं,
नियमाप्रमाणे.

सायजाबाईनं चिठ्ठ्या माझ्या हातातून घेतल्या,
ओट्यात टाकल्या, देठांसोबत.
मान वर न करता म्हणाली,
मांगाले लाज वाटस, माय.
निंघनं तं लेता येस.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत
सगळे कोरे बावीस मी पुन्हा चाळले.
चाळीस होते.
मी चाळीस जणींना गरज नाही असं
दोन दशांश स्थळांपर्यंत सिद्ध केलं होतं.

निबंध मागे घेतला.
कारण : प्रश्न क्रमांक बावीस सदोष.
निकुंभ सरांनी फोनवर बराच वेळ विचारलं,
नेमका कसा सदोष?
मी म्हटलं, सर, तो विचारायचाच नव्हता.
ते गप्प झाले. मग म्हणाले,
मर्यादांच्या प्रकरणात नीट लिहा.

नीट कसं लिहू?
तीन ओळी लिहिते, चार खोडते.
डब्याबद्दल लिहिलं तर डबा उरत नाही.

फाल्गुनात पथारी आवरायला आली.
फेलोशिप पाच महिने अडकलेली.
कुणाला बोलले नव्हते.
दोनदा जेवणाचा डबा आणला नव्हता,
आणि स्टेशनवरून चालत आले होते,
एवढंच.

नातीनं डोळे मिटले, हात घातला,
चिठ्ठी रुमाबाईकडे दिली.
रुमाबाईनं अक्षर अक्षर जुळवत
माझं नाव वाचलं.

शकीलाबीनं टाळी वाजवली.
वंती म्हणाली, नशीबवान शे पोर.
सायजाबाई देठ खुडत राहिली.

सहा हजार सहाशे. मोजून घेतले.
डब्यात पाच चिठ्ठ्या शिल्लक होत्या.
वारा सुटला होता.
मी झाकण लावलं.